बढती चेन्नईला, माणूस सिंहगड रोडला: गाव कोणी बदलायचं?

तिसरा_गिअर (८ जून, रात्री ११:४०)

एरवी मी रोमात (म्हणजे नुसती वाचत) असते, फक्त पाककृतींच्या धाग्यांवर उगवते. आज जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

वय २९, मूळची मिरजेची. चाकणच्या एका वाहन कंपनीत गिअरबॉक्स डिझाइनमध्ये सात वर्षं झाली. मोशीला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. 'तो' फिजिओथेरपिस्ट आहे. सिंहगड रोडला स्वतःचं क्लिनिक, चार वर्षांपूर्वी कर्ज काढून थाटलेलं. साडेतीन वर्षं आम्ही एकत्र आहोत. एकत्र कसलं म्हणा, मोशी ते सिंहगड रोड हे अंतर ज्यांनी संध्याकाळी सात वाजता कापलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रविवार ते रविवार भेट, त्यातही त्याचा एखादा पेशंट जिन्यावरून पडला की तो रविवार गेला.

गेल्या महिन्यात बढती आली. चेन्नईजवळ ओरगडमला, हाताखाली अकरा माणसं, किमान दोन वर्षं. आमच्या विभागात या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नाही. ३० जूनपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

दोन्ही घरांना आमचं माहीत आहे, विरोध कुणाचाच नाही, उलट उत्साह फार. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरून कार्यालयं बघणं चालू आहे. आईला चेन्नईचं सांगितलं तर म्हणाली, "ते बघू गं नंतर." जणू मी पैठणीचा काठ बदलून मागत होते.

तो म्हणतो, "तू जा." एवढंच. कधी "जा ना", कधी "जा की". परवा म्हणाला, "मी तुला अडवणार नाही." ते वाक्य मला अजिबात आवडलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही.

तर प्रश्न असा: तुमच्याकडे अशी वेळ आली तेव्हा गाव कोणी बदललं आणि ते ठरलं कसं? 'मनाचं ऐक' वगैरे नको, ते ऐकून झालं, मन दोन्ही बाजूंनी बोलतंय. प्रत्यक्ष काय बोललात, कशावरून भांडलात, पैशाचं काय केलंत, ते सांगा.

काडेपेटी (८ जून, रात्री ११:५२)

पहिला! धागा शंभरी गाठणार. खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन बसलोय.

झेडब्रिजवासी (९ जून, सकाळी ७:१०)

अहो, मोशी ते सिंहगड रोड रविवार टू रविवार म्हणजे ऑलरेडी लाँग डिस्टन्सच चालू आहे. चेन्नईचं विमान दोन तासांच्या आत पोचतं. नाशिक फाट्यावर याहून जास्त वेळ गेलाय माझा.

खिडकीपाशी (९ जून, सकाळी ९:२५)

झेडब्रिजवासी, हसले, पण बरोबर आहे तुमचं.

आमची गोष्ट. मी पुण्यात, नवरा मुंबईत फोर्टला. लग्नाआधी दोघांनीही नोकरी सोडायची नाही असं ठरलं आणि मग मी तीन वर्षं डेक्कन क्वीनने रोज पुणे-मुंबई केलं. मी का? तर माझी बदली मुंबई ऑफिसला होऊ शकत होती, त्याची पुण्याला नाही, आणि घर पुण्यात सासूबाईंजवळ हवं होतं, कारण त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन. प्रत्येक कारण सुटं घेतलं तर अगदी बिनतोड होतं. सगळी मिळून सकाळी सव्वासातच्या गाडीत मीच बसलेली असायचे. तो सोमवारी जायचा आणि शुक्रवारी यायचा, चुलतबहिणीकडे राहायचा. मी का राहिले नाही चुलतबहिणीकडे? हा प्रश्न मला तिसऱ्या वर्षी कर्जतच्या आसपास पडला.

लोणावळ्याला धुकं, पासवाल्यांचा ग्रुप, डब्यात साजरे केलेले वाढदिवस, सगळं छान होतं. पण शनिवारी मी फक्त झोपायचे. त्या तीन वर्षांत आम्ही प्रेमाने बोललो असू तर फोनवर, खंडाळ्याच्या बोगद्यात रेंज जाईपर्यंत.

बाकरवडी_विरोधी_संघ (९ जून, सकाळी ९:४०)

डेक्कन क्वीनचं नाव निघालं की मला राहवत नाही. १ जून १९३० ला सुरू झाली ही गाडी. तिच्या डायनिंग कारमधल्या चीज टोस्टवर कित्येक लग्नं जमली असतील. अवांतराबद्दल क्षमस्व.

पेन्शनर_सातारकर (९ जून, दुपारी १२:१५)

तिसरा गिअर, तुम्ही माझ्या मुलीसारख्या आहात म्हणून स्पष्ट लिहितो. बढत्या येतात आणि जातात. मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षे नोकरी केली, अकरा बदल्या झाल्या. नांदेड, परभणी, दोन वर्षे गुवाहाटी. आमच्या सौ. साताऱ्यात शिक्षिका. नऊ वर्षे आम्ही वेगळे राहिलो. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर कमी व्हायचे, तेव्हा बूथवर रांगेत उभा राहून तीन मिनिटे बोलायचो. पण आम्ही कधी कुरकुर केली नाही. तुमच्या पिढीला सगळे एकाच वेळी हवे असते. आधी लग्न करा, संसार स्थिर होऊ द्या, मग चेन्नई काय आणि जर्मनी काय.

मार्चएंड (९ जून, दुपारी १२:३१)

काका, आदर ठेवून विचारते. अकरा बदल्या तुम्ही घेतल्यात, एकही नाकारली नाहीत, आणि सल्ला देताय 'बढत्या येतात आणि जातात'? तुम्ही नऊ वर्षं गावोगाव फिरलात तेव्हा त्याला 'नोकरी' म्हणाले, ही निघाली तर 'सगळं एकाच वेळी हवं'?

काडेपेटी (९ जून, दुपारी १२:३३)

शेंगदाणे संपले. चकली मागवली.

पेन्शनर_सातारकर (९ जून, दुपारी १:०५)

मार्चएंड, बदली नाकारली तर बढती जायची, शिवाय घर चालवायचे होते. तुलना करू नये.

मार्चएंड (९ जून, दुपारी १:०९)

तिची पण जाईल हो बढती. काकूंना एकदा विचारून बघा त्या नऊ वर्षांबद्दल. कुरकुर केली नाही आणि कुरकुर नव्हती, यात फरक असतो.

बाकी माझा अनुभव: मी सीए. आमच्या धंद्यात प्रेम करायला नोव्हेंबर ते जानेवारी एवढीच फट मिळते. माझं ब्रेकअप ३१ मार्चला झालं. तो म्हणाला, आपण बोलायला हवं. मी म्हटलं, चार तारखेनंतर बोलू का? तिथेच संपलं. आज हसू येतं, तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते आणि बाहेर येऊन बँक रिकन्सिलिएशन पूर्ण केलं होतं. चुकलं होतं का माझं? थोडं हो. चार तारखेलाही मी फोन केला नव्हता.

एडिसनकर (९ जून, रात्री ८:५०)

इकडे सकाळ आहे, कामाला बसण्याआधी लिहून टाकते.

२०११ साली लग्न करून न्यू जर्सीला आले. पुण्यात चांगली टीम लीड होते. त्याचा एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, माझा एच-फोर, म्हणजे डिपेंडंट. त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करायला बंदीच होती. माहीत होतं का आधी? हो, पण 'बघू गं तिथे गेल्यावर' हेच सगळे म्हणाले (तुझ्या आईचं वाक्य वाचून अंगावर काटा आला). २०१५ मध्ये नियम बदलला, पण ज्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलंय, साधारण त्यांच्याच बायकांना परवाना. आमचं तिथवर पोचायला २०१७ उजाडलं. सहा वर्षं. मी मेथीचे ठेपले, बालभवन, गणपतीची सजावट, सगळं केलं. नवरा चांगला होता आणि आहे. पण ग्रोसरीच्या दुकानात कार्ड पुढे करताना दरवेळी मी बिल डोळ्यांनी तपासायचे, जणू कुणी विचारणार आहे.

२०१७ ला परत सुरुवात केली ती ज्युनिअर म्हणून. मॅनेजर माझ्याहून सात वर्षांनी लहान.

तुला जा किंवा जाऊ नको काहीच सांगत नाही. 'बघू नंतर' एवढं मात्र ऐकू नकोस. आत्ता बघ, कागद-पेन घेऊन.

तांबरमची_मराठीण (९ जून, रात्री ९:१५)

ओरगडम म्हटल्यावर पळत आले! मी तांबरमला राहते, सहावं वर्ष. तिकडच्या पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्या ओळीने आहेत, कंपनीची बस तांबरमवरून नक्की मिळेल. आल्या आल्या फ्लॅट घेऊ नकोस. इथे सरकारने नोकरदार बायकांसाठी वसतिगृहं काढली आहेत, नाव 'तोळी', म्हणजे मैत्रीण. एक तांबरमलाही आहे. पहिले दोन-तीन महिने तिथे काढ, मग शोध. शहरातल्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, २०२१ पासून. कारखान्यांमध्ये बायका इथे जितक्या आहेत तितक्या देशात दुसरीकडे कुठे नाहीत, त्यामुळे शॉपफ्लोअरवर 'मॅडम कशाला आल्या' अशा नजरा चाकणपेक्षा कमी पडतील.

तोटे: ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस (तुमचा मुहूर्त तेव्हाच आहे ना? हा हा), पोहे मनासारखे मिळत नाहीत, आणि रिक्षावाला. रिक्षावाल्याबद्दल स्वतंत्र धागा काढता येईल.

झेडब्रिजवासी (९ जून, रात्री ९:२०)

पुण्याच्या माणसाला रिक्षावाल्याची भीती घालताय?

शेवटचा_डबा (१० जून, पहाटे ४:३०)

नाइट ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते. इथे सगळे इंजिनिअर, सीए. मी स्टाफ नर्स. माझा होणारा नवरा लोकलवर गार्ड आहे. २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण स्टेशनवर सगळे गार्डच म्हणतात. माझ्या तीन शिफ्ट, त्याची ड्युटी रोज वेगळ्या वेळेला. दोघांची सुट्टी एका दिवशी आली असं या वर्षात चार वेळा झालंय.

मग आम्ही काय करतो, तर माझी नाइट संपली की मी कुर्ल्याला फलाटाच्या टोकाला उभी राहते, जिथे शेवटचा डबा येतो तिथे. त्याची गाडी थांबली की डबा त्याच्या हातात देते. वीस-पंचवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात "झोप झाली का", "भाजी कसली", "आई काय म्हणाली" एवढं होतं. मग तो बेल देतो आणि जातो. फलाटावरच्या फुलवाल्या मावशी आता मला वेळ सांगतात, "आज दोन मिनिट लेट हाय तुझी."

मला सिस्टर इन्चार्जच्या पदासाठी विचारलंय, त्यात कायम दिवसपाळी. घ्यावं असं वाटतं. पण मग कुर्ल्याचं काय, असंही वाटतं. वेडेपणा आहे, माहितीय.

वरणफळ (१० जून, सकाळी ८:००)

शेवटचा_डबा, सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत. पद घ्या हो. डबा देण्याची दुसरी वेळ निघेल.

आता माझं. मी पुरुष आणि गाव मी बदललं. बायकोला बंगळुरूला संशोधन संस्थेत जागा मिळाली, मी ठाण्यात एका जाहिरात कंपनीत होतो. ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली, कारण तिच्या विषयाच्या जागा देशात मोजून पाच-सहा ठिकाणी, माझ्या कामाच्या कुठेही. सोपं गणित. अवघड भाग पुढे होता.

पहिले पाच महिने मला नोकरी नव्हती. केस कापायला जाताना मी तिला सांगून जायचो. ती म्हणाली, सांगतोस कशाला? मी म्हटलं, उगाच. उगाच नव्हतं, पैसे तिचे होते. मग आम्ही एक खातं दोघांच्या नावावर काढलं, तिचा अर्धा पगार त्यात, आणि त्यातून कुणीही कितीही काढायचे, विचारायचं नाही. तो एक निर्णय घेतला नसता तर मी नक्की तिच्यावर डाफरायला लागलो असतो.

नातेवाइकांचं काय सांगू. लग्नात भेटले की, "काय, बंगळुरू मानवलं का? बायको काय म्हणते?" माझ्या कामाबद्दल कुणी विचारतच नाही. माझ्या बहिणीने हे पंधरा वर्षं ऐकलंय आणि मला ते ऐकू यायला बंगळुरूला जावं लागलं.

आणि ते 'अडवणार नाही'. तुला ते का आवडलं नाही सांगू? अडवायचा हक्क आपल्याकडे आहे, तो आपण वापरत नाही आहोत, असा त्यात सूर आहे. त्याच्या मनात तसं नसेलही. मीही बायकोला म्हणालो होतो तेच वाक्य, आणि स्वतःला फार मोठा समजलो होतो.

तिसरा_गिअर (१० जून, सकाळी ८:४०)

वरणफळ, हो. तेच. तेव्हापासून शोधत होते.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, उत्तर रात्री. शेवटचा_डबा, तुमची पोस्ट मी त्याला पाठवली. त्याने फक्त "कुर्ला" एवढंच लिहून पाठवलं. म्हणजे काय ते विचारलं नाही.

गवार_नको (१० जून, सकाळी ११:२०)

मी विरुद्ध बाजूने बोलते, कोणीतरी बोलायला हवं. मी गेले होते. पुण्याहून गुरुग्रामला, ३१ व्या वर्षी, मॅनेजर म्हणून. नातं दहा महिन्यांत विझलं. भांडण नाही, फसवणूक नाही. तो त्याच्या दिवसात, मी माझ्या, आणि एका रविवारी लक्षात आलं की आठ दिवसांत आपण काही बोललेलोच नाही आणि ते खटकलंही नाही. मॅनेजरचं डायरेक्टरही झाले. चांगलं घर आहे. पण सणावाराला पुरण एक वाटीभरच लागतं मला.

पश्चात्ताप म्हणणार नाही. पण इथे सगळ्या जणी 'जा जा' म्हणत असतील तर जाण्याचीही किंमत असते एवढं मांडून ठेवते. चांगली नोकरी मला दोनदा मिळाली, तसा माणूस एकदाच.

मार्चएंड (१० जून, सकाळी ११:४५)

गवार_नको, पटलं नाही पण लिहिलंत ते बरं केलंत. एकच शंका. तुम्ही पुण्यातच राहिला असतात तर टिकलं असतं कशावरून? मी एकाच शहरात राहून घालवलंय.

गवार_नको (१० जून, दुपारी १२:१०)

कशावरूनच नाही. पण ते मला कधी कळणारही नाही, आणि तेच टोचतं.

दोन_चमचे_साखर (१० जून, दुपारी ३:००)

माझा घटस्फोट झालाय. 'हिच्या नोकरीपायी मोडलं' असं दोन्हीकडे म्हणतात, मी खोडत बसत नाही. खरं कारण फार बारीक होतं. मला रात्री उशीर झाला की तो जेवायला थांबायचा. उपाशी. प्रेमाने. मी साडेदहाला आले की ताट मांडून बसलेला, चेहरा पडलेला. मी कितीदा सांगितलं, तू जेवून घे. नाही. त्या पडलेल्या चेहऱ्याला घाबरून मी मीटिंगमधून उठायला लागले, मग खोटं बोलायला लागले, मग घरी यायलाच नको वाटायला लागलं.

तो तुला जा म्हणतोय ना? मग तिथे गेल्यावर तू रात्री नऊला फोन केला नाहीस तर तो काय करेल, ते विचार. जेवून घेईल की थांबेल.

इतिहासाची_वही (१० जून, रात्री १०:१५)

जरा मागे जाऊन येतो. रखमाबाईंचा खटला आठवतो का? बालपणी लग्न झालेलं, नवरा दादाजी भिकाजी, त्याच्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८४ ला खटला उभा राहिला, १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ ला तडजोड झाली, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढची अनेक वर्षं सुरत, राजकोटला काम केलं. तुम्हाला तर फक्त ओरगडमला जायचंय.

झेडब्रिजवासी (१० जून, रात्री १०:२२)

त्यांना नवरा नको होता हो, हिला दोन्ही हवंय. उदाहरण चुकलं.

इतिहासाची_वही (१० जून, रात्री १०:३०)

मान्य. पण वहीत होतं म्हणून दिलं.

अळूचं_फदफदं (११ जून, सकाळी १०:०५)

मी एचआरमध्ये आहे, सरळ कामाचं सांगते. एक, 'किमान दोन वर्षं' हे पत्रात लेखी आहे का ते बघ, आणि दोन वर्षांनी परत पुण्यात आणायची हमी आहे का तेही. तोंडी असेल तर मेल टाकून होकार घे. दोन, पहिल्या वर्षात महिन्याला एक विमानाचं तिकीट माग. देतात, मागत कुणी नाही. पुरुष मागतात, बायका आभार मानून येतात. तीन, 'लग्न कधी' असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, तिचा धसका कंपन्यांनी घेतलाय आणि तो असा चहा पिता पिता बाहेर येतो. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की ती रजा मिळते. तुला आत्ता लागणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

चार: त्याच्या क्लिनिकचं कर्ज किती राहिलंय? विचारलंयस का कधी?

तिसरा_गिअर (११ जून, रात्री ११:१०)

नव्हतं विचारलं. आज विचारलं. सात लाख चाळीस हजार. मला वाटत होतं दोन-तीन असेल.

साडेतीन वर्षांत आम्ही एकमेकांना पगार सांगितले नव्हते. त्याला माझा साधारण माहीत होता, मला त्याचा नाही. त्याने कर्ज लपवलं असं नाही, मी विचारलंच नाही, कारण विचारलं असतं तर आपण 'तसल्या' मुली वाटू असं मला वाटायचं. आज तासभर फोनवर नुसते आकडे बोललो. विचित्र वाटेल, पण बऱ्याच दिवसांत एवढं जवळ वाटलं नव्हतं.

आणि दोन_चमचे_साखर, तुमचा प्रश्नही विचारला. म्हणाला, "मी जेवून घेईन, पण तू फोन केला नाहीस तर रागावेन आणि सांगणार नाही, दुसऱ्या दिवशी तुटक बोलेन." निदान खरं बोलला.

काडेपेटी (११ जून, रात्री ११:१४)

हा माणूस मला आवडायला लागलाय.

पेन्शनर_सातारकर (१३ जून, दुपारी ४:२०)

मार्चएंड यांनी सुचवल्याप्रमाणे सौ.ना विचारले. लिहू की नको या विचारात दोन दिवस गेले.

त्या आधी म्हणाल्या, आता काय त्याचे. मग संध्याकाळी भाजी निवडताना स्वतःहून बोलल्या. १९९४ मध्ये संस्थेने त्यांना कोरेगावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून विचारले होते. मी त्याच वर्षी परभणीहून साताऱ्यास परत आलो होतो. 'तुम्ही इतक्या वर्षांनी घरी आलात आणि मी सकाळी सहाला कोरेगावची एसटी धरायची, बरे दिसले नसते,' असे म्हणाल्या. त्यांनी नाही कळवले. मला सांगितले नाही. कोरेगाव आमच्यापासून वीस किलोमीटरही नाही.

मी विचारले, सांगितले का नाही? म्हणाल्या, 'सांगितले असते तर तुम्ही जा म्हणाला असता आणि तोंड पाडून बसला असता.' यावर मला उत्तर सुचले नाही. खरे आहे ते. मी चहा केला आणि दिला.

तिसरा गिअर, माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो. संपादकांना तो काढून टाकता आला तर पाहावे.

मार्चएंड (१३ जून, दुपारी ४:४०)

काका, काढू नका. दोन्ही राहू देत. काकूंना नमस्कार सांगा. आणि मी त्या दिवशी जरा चढ्या आवाजात बोलले, त्याबद्दल सॉरी.

बाकरवडी_विरोधी_संघ (१३ जून, संध्याकाळी ६:१०)

साताऱ्याहून सकाळी सहाची कोरेगाव एसटी तेव्हा होती का हो? माझे वडील कंडक्टर होते त्या भागात, म्हणून विचारतो.

पेन्शनर_सातारकर (१३ जून, संध्याकाळी ६:४५)

सौ. म्हणतात, होती. त्यांनी वेळापत्रक पाहून ठेवले होते.

खिडकीपाशी (१३ जून, संध्याकाळी ७:०२)

वेळापत्रक पाहून ठेवलं होतं. आई गं.

शेवटचा_डबा (२० जून, दुपारी २:१५)

पद घेतलं. एक तारखेपासून दिवसपाळी. त्याला कुर्ल्यालाच सांगितलं, वीस सेकंदांत. तो इतका हसला की बेल द्यायला उशीर झाला बहुतेक. आता संध्याकाळच्या गाडीची वेळ बघतेय, फुलवाल्या मावशींना पण कळवायचंय.

तिसरा_गिअर (२७ जून, रात्री १०:५०)

धागा वर काढतेय. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

मागच्या शुक्रवारी आम्ही दोघं चेन्नईला जाऊन आलो. त्याने तीन दिवस क्लिनिक मित्रावर सोडलं, चार वर्षांत पहिल्यांदाच. तांबरमची_मराठीण यांनी वसतिगृह दाखवलं, शिवाय घरी साबुदाण्याची खिचडी खायला घातली (तुमचे उपकार!). ओरगडमला प्लांट बाहेरून बघितला. तो गेटसमोर उभा राहून म्हणाला, "इथे कँटीनला जिना किती पायऱ्यांचा आहे बघ, तुझा गुडघा जरा कुरकुरतोच." म्हटलं, एवढ्या लांब येऊन गुडघाच दिसला का रे? मग तिथेच त्या उन्हात तो बोलला. म्हणाला, "तू जावंस असं मला वाटतं आणि तू जाऊ नयेस असंही वाटतं. दुसरं सांगितलं तर तू थांबशील या भीतीने मी नुसतं जा जा म्हणत होतो." मी म्हटलं, दुसरंही सांगत जा, थांबायचं का ते मी बघेन.

काल हो कळवलं. दोन वर्षांचं लेखी घेतलंय, महिन्याला एक तिकीटही. (अळूचं_फदफदं, साहेबांनी खरंच लगेच हो म्हटलं, मला वाटलं होतं हाकलून देतील.) कर्जाचा हप्ता तोच भरणार, मी विचारून पाहिलं, नको म्हणाला, त्यावरून थोडं वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. लग्न फेब्रुवारीत करावं असं आमच्या दोघांच्या मनात आहे. चेन्नईचा पाऊसही संपलेला असेल.

घरी यातलं काहीही सांगितलेलं नाही. कार्यालयाला आईने पाच हजार ॲडव्हान्स देऊन ठेवलाय, डिसेंबरचा.

एडिसनकर (२७ जून, रात्री ११:०५)

अभिनंदन! आणि ॲडव्हान्स परत मिळतो, तारीख बदलून देतात.

झेडब्रिजवासी (२७ जून, रात्री ११:०८)

पुण्यातलं कार्यालय? परत? ताई, तुम्ही खरंच फार वर्षं अमेरिकेत आहात.

वरणफळ (२७ जून, रात्री ११:३०)

घरी सांगताना दोघं मिळून सांगा. आधी तुझ्या घरी, आणि बोलायला सुरुवात त्याने करायची.

पेन्शनर_सातारकर (२८ जून, सकाळी ६:१५)

जेवणानंतर सांगावे. सौ. म्हणतात, आधी नव्हे.